सात-पन्नासचं चित्र: चिपी ते जुहू, एका अर्धवट उड्डाणाचा अभ्यास

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. कोकणात भातकापणी ऐन भरात आणि परतीचा पाऊस रोज दुपारी घाटमाथ्यावर येऊन उभा. त्या दिवशी १३.४२ ला आम्ही सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून जुहूला जायला निघालो, १४.१८ ला रत्नागिरीच्या तोंडाशी विमान मागे वळवलं आणि १४.५३ ला पुन्हा चिपीलाच उतरलो. विमानाला ओरखडाही आला नाही. तरी हे सगळं मिनिटामिनिटाने लिहून काढतोय, कारण चूक माझी होती, आणि मांडीवर टॅबलेट घेऊन छोटं विमान चालवणाऱ्या कुणाकडूनही ती अगदी अशीच होऊ शकते.

विमान मित्राचं. सेसना १७२, एक इंजिन, चार आसनं, १०५ नॉटने, म्हणजे ताशी १०५ नॉटिकल मैलांनी, निवांत जाणारं. डावीकडे मी, उजवीकडे आमचे सर. सरांचं सगळं उड्डाण याच किनाऱ्यावर झालं. मला शिकवलंही त्यांनीच. सकाळी जुहूहून टाक्या भरून आलो होतो, परतीसाठी तीन तासांचं पेट्रोल उरलं होतं. आमच्या विमानाला लागणारं पेट्रोल चिपीला त्या दिवशी मिळणार नव्हतं, हे आधीपासून माहीत होतं. ही गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या डोक्यात ती सारखी टोचत होती.

मार्ग साधा. किनारा उजव्या हाताला ठेवायचा आणि देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, मुरुड-जंजिरा, अलिबाग असं वर सरकत जायचं. सुमारे १९० नॉटिकल मैल. उंची ४,५०० फूट.

विमानात काय होतं

डॅशवर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक रिसीव्हर चिकटवलेला होता. तो स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही, फक्त ऐकतो. ज्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रात, एडीएस-बीची सोय असते, ती विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग आणि ओळख आपणहून सांगत असतात; हवेत असताना जागेचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा जातो. रिसीव्हर तो पकडतो आणि वाय-फायने टॅबलेटला देतो. टॅबलेटवरच्या नकाशात आपलं विमान मध्ये आणि बाकीची आजूबाजूला बाणांसारखी सरकताना दिसतात. बाणाशेजारी +०८ लिहिलं असेल तर ते विमान आपल्यापेक्षा ८०० फूट वर.

त्याच नकाशावर हवामानाचा एक थर चढवता येतो. आमच्या टॅबलेटवर हवामान खात्याची मुंबई आणि गोव्याच्या डॉप्लर रडारची चित्रं बसवलेली होती. ही चित्रं साधारण दहा मिनिटांनी बदलतात आणि कुणालाही बघता येतात, पण ती इंटरनेटवरून येतात. जमिनीवर असताना उतरवून घ्यायची आणि वर गेल्यावर जी हाताशी आहेत त्यांवर भागवायचं.

अमेरिकेत हे वेगळं चालतं. तिथे १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित आकाशात एडीएस-बी प्रक्षेपण सक्तीचं झालं. जमिनीवरची केंद्रं ९७८ मेगाहर्ट्झवर हवामानाचं चित्र फुकट पाठवत राहतात, त्यामुळे उडत्या विमानातही ते बदलत राहतं. या यंत्रांवरचं बरंचसं लेखन आणि व्हिडिओ तिकडचे. ते वाचून-बघून आपल्याकडचा माणूस तोच रिसीव्हर घेतो आणि नकळत धरून चालतो, की पडद्यावर रहदारी येते तसं हवामानही वरून येत असेल. आपल्याकडे त्या पेटीतून रहदारी तेवढी येते.

मला हे सगळं ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर न अडखळता सांगितलं असतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढची चूक अज्ञानातून झालेली नाही.

१३.२० ते १४.१८

१३.२० वाजता रडारने जे पाहिलं ते चित्र मी १३.३१ ला चिपीच्या इमारतीत बसून उतरवलं. त्यात आंबा घाटाच्या माथ्यावर दोन ठिपके होते, मध्ये लाल आणि कडेला पिवळे. तिथून किनाऱ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस नॉटिकल मैल, सगळं कोरं. गोव्याचं मेटार, म्हणजे विमानतळावरच्या हवामानाची नोंद, छान, मुंबईचंही छान. दोन्ही टोकं स्वच्छ, म्हणून मधला पट्टाही स्वच्छ असेल असं मी धरलं.

चित्र उतरवण्याच्या तीन मिनिटं आधी, १३.२८ ला, आत्याचा फोन आला होता. आत्या लांज्याजवळच्या वाडीत राहते. मी त्या बाजूने जाणार हे तिला माहीत होतं.

"अरे, निघालास की काय?"

"निघतोय आत्या, पंधरा मिनिटांत."

"पूर्वेला नुसता काळोख दाटलाय रे. आणि इकडेच सरकतोय. कापलेलं भात मळ्यात पडलंय, सगळी भारे उचलायला धावलीत. तू जपून ये हो."

"घाटावर रोजच असतो गं दुपारी. मी किनाऱ्याने जाणार, मला काही होत नाही."

फोन ठेवला, चित्र उतरवलं, घाटावरचे दोन ठिपके पाहिले आणि मनात म्हटलं, हाच तो आत्याचा काळोख. तिने सांगितलेलं चित्रात सापडलं म्हणून मला उलट बरं वाटलं. तिच्या वाक्यातला मोलाचा भाग "इकडेच सरकतोय" हा होता, आणि माझ्याजवळच्या एकुलत्या एका चित्रात सरकणं नावाची गोष्टच नव्हती.

१३.४२ ला उड्डाण. १३.५५ ला देवगड उजव्या हाताला. ४,५०० फुटांवर स्थिरावून मी टॅबलेटवर नजर टाकली. चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती ०७.५०. विमानाचं घड्याळ १३.५५ दाखवत होतं. मी मिनिटं बघितली, पन्नास आणि पंचावन्न. पाच मिनिटांपूर्वीचं, ताजं. पुढे बघू लागलो.

०७.५० ही यूटीसी, म्हणजे विमानवाहतुकीत जगभर वापरली जाणारी सामायिक वेळ होती. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, म्हणजे चित्र १३.२० चं आणि देवगडला असताना पस्तीस मिनिटांचं शिळं. जगात बहुतेक ठिकाणी यूटीसीपासूनचा फरक पूर्ण तासांचा असतो. तिथे कुणी नुसती मिनिटं बघितली तरी ती जुळतात, आणि फसलाच तर माणूस अख्ख्या तासाने फसतो, जे सहसा लक्षात येतं. आपल्याकडे अर्ध्या तासाचा खोडा आहे. आपल्या घड्याळाची मिनिटं आणि यूटीसीची मिनिटं कधीच जुळत नाहीत, आणि पस्तीस मिनिटांचं चित्र पाच मिनिटांचं भासतं. आपल्या वैमानिकांना हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. उड्डाणाचा आराखडा आपण यूटीसीत भरतो, मेटार यूटीसीत वाचतो. पण वहीतलं गणित वेगळं आणि हवेत अर्ध्या सेकंदात टाकलेली नजर वेगळी.

विजयदुर्गाच्या आसपास पडद्यावर दोन मोठी विमानं दिसली. मुंबईहून गोव्याकडे निघालेली, आमच्या कितीतरी वर. रत्नागिरीच्या उत्तरेला दोघंही एकामागोमाग उजवीकडे वळली, समुद्रावर बरीच आत गेली आणि खाली येऊन परत किनाऱ्याकडे आली. मी ते पाहिलं. उंचीतला फरक पाहिला, आपल्या वाटेत येत नाहीत एवढं ठरवलं आणि सोडून दिलं.

१४.१५ ला सर म्हणाले, "जयगड दिसायला हवं होतं."

मी समोर पाहिलं. रत्नागिरीचा दीपगृहाचा डोंगर दिसत होता. त्याच्या पलीकडे किनारा एक-दोन वळणं घेत होता आणि मग राखाडी रंगात विरत होता. क्षितिजाची रेघ नव्हती.

"धुरकट आहे जरा," मी म्हणालो. "रडारवर किनारा मोकळा आहे, सर."

"ते कधीचं आहे?"

"सात-पन्नासचं. पंचवीस मिनिटं झाली."

"सात-पन्नास म्हणजे आपले किती?"

मी बोटांवर नाही, पण तसंच मोजलं. "एक वीस."

"आणि आत्ता?"

आत्ता सव्वादोन वाजले होते. चित्र पंचावन्न मिनिटांचं होतं.

सर आवाज चढवत नाहीत. त्यांनी फक्त समोर बोट केलं. राखाडी पडद्याच्या वर, विंडस्क्रीनच्या वरच्या काठाला जवळजवळ टेकलेली, ऐरणीसारखी पसरलेली ढगाची कड होती. मी इतका वेळ तिच्या सावलीत उडत होतो आणि ऊन गेलं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

वळायचं कुठे

पावसाची भिंत गणपतीपुळ्याच्या आसपास होती, आमच्यापासून बारा नॉटिकल मैलांवर. आमच्या वेगाने सात मिनिटं.

मला सुचलेलं पहिलं उत्तर म्हणजे समुद्रावरून वळसा. मोठ्या विमानांनी तेच केलं होतं, हे तेवढ्यात उमगलं. पण त्यांना दोन इंजिनं. आमचं एक बंद पडलं तर ४,५०० फुटांवरून वारा नसताना साडेसहा नॉटिकल मैल तरंगत जाता येईल. किनाऱ्यापासून त्याहून लांब गेलं तर उतरायला पाणीच. तराफा नाही, पावसाखाली लाटा कशा असतील ते दिसत नाही, आणि ढगाची पश्चिमेकडची कड कुठे संपते तेही दिसत नाही. सरांनी ते वाक्यही पुरं करू दिलं नाही.

खालून, पावसाच्या बुडाखालून काढायचं तर वादळातून खाली कोसळणाऱ्या हवेच्या तोंडात शिरायचं. त्यावर बोलणंही झालं नाही.

रत्नागिरीला उतरणं हे सगळ्यात शहाणपणाचं वाटत होतं. धावपट्टी सहा-सात मैलांवर, डोळ्यांसमोर. आम्ही टॉवरशी बोललो. त्यांनी लगेच वारा सांगितला, आणि त्या वाऱ्यानेच निर्णय झाला. दहा मिनिटांपूर्वी तिथे नेहमीचा खारा वारा होता, पश्चिमेचा, मंद. आता तो ईशान्येचा झाला होता आणि झटके देत वाढत होता. वादळातून पडलेली थंड हवा जमिनीवर आपटून पसरते आणि पावसाच्या बरीच पुढे धावते; तीच आमच्याआधी रत्नागिरीला पोचली होती. अशा वाऱ्यात छोटं विमान शेवटच्या दोनशे फुटांवर आणायचं म्हणजे वेग एका झटक्यात वाढलेला आणि पुढच्या झटक्यात नाहीसा झालेला बघायची तयारी ठेवायची.

उरलं मागे चिपी. साठ मैल, चौतीस मिनिटं. दक्षिणेला आकाश निळं होतं, विजयदुर्गाची खाडी आम्ही नुकतीच उन्हात पाहिली होती, आणि चिपीला वारा अजून समुद्रावरूनच येत होता. पण चिपीला परतलो की जुहूपुरतं पेट्रोल राखीव धरून उरत नाही. मग अडकलो. हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बोलूनही दाखवला. सर म्हणाले, "अडकू. मासे चांगले मिळतात तिकडे."

मी डावीकडे वळायला हात घातला. पडद्यावर डावीकडे काहीच नव्हतं. सर म्हणाले, "आधी बाहेर बघ." डाव्या पंखाच्या खाली, आमच्यापेक्षा दोन-तीन हजार फूट खाली, एक हेलिकॉप्टर किनारा धरून दक्षिणेला चाललं होतं. पावसातून तेही बाहेर पडत असणार. आमच्या पडद्यावर त्याचा बाण नव्हता, वळेपर्यंत आला नाही आणि नंतरही आला नाही. वळताना मी उंची सोडायच्या बेतात होतो. ती धरून ठेवली, हेलिकॉप्टर पुढे जाऊ दिलं आणि मग वळलो. १४.१८.

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. आम्ही फारसं बोललोही नाही.

जमिनीवर बसून लावलेला हिशेब

त्या संध्याकाळी आम्ही फोनवर १४.२० आणि १४.५० ची रडारची चित्रं काढली आणि टॅबलेटने नोंदवलेली आमची वाट त्यांच्यावर ठेवून पाहिली. १४.५० च्या चित्रात गणपतीपुळ्यापासून जयगडच्या खाडीपर्यंत किनाऱ्यावर लाल पट्टा होता. पण १४.२० च्या चित्रात, म्हणजे पावसाची भिंत आम्ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत होतो त्याच वेळी, तिथे फक्त पिवळट हिरवा डाग होता. माझ्याजवळ अगदी ताजं चित्र असतं तरी त्यात समोरचा पाऊस अर्धाच दिसला असता. हे बघून मी हादरलो. शिळ्या चित्राची चूक कळली होती, पण ताजं चित्रही इतकं अपुरं असेल असं वाटलं नव्हतं.

सरांनी कागदावर पृथ्वीची कमान काढून दाखवलं. रडारचा किरण सरळ जातो आणि खालची जमीन वाकत जाते. कुलाबा आणि पणजी, दोन्हीकडून गणपतीपुळे सुमारे २०० किलोमीटरवर येतं. कोकण किनाऱ्यावर दोन्ही रडारांपासून जवळजवळ सारखाच लांब असा जो पट्टा आहे, नेमका तिथेच आम्ही होतो. अर्ध्या अंशाने वर रोखलेला किरण एवढ्या अंतरावर पोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर, म्हणजे तेरा हजार फुटांवर असतो. आम्ही साडेचार हजारांवर होतो. आमच्या उंचीवर आणि आमच्या खाली काय चाललंय ते या दोन्ही चित्रांत येणारच नव्हतं. ढग तेरा हजारांच्या वर पुरेसा पाणी धरून उभा राहिला की मग तो लाल होतो. नुकता उभा राहत असलेला ढग, खाली लोंबणारे ढग, पावसापुढचा वारा यातलं काहीच तिथे उमटत नाही. पावसाळ्यात सड्यांना, म्हणजे कातळी पठारांना, घासत जाणारे खालचे ढग तर मुळीच नाहीत, आणि कोकणात छोट्या विमानाला खरा धोका बहुतेक वेळा त्यांचाच.

घाटावरचं वादळ तासाभरात किनाऱ्यावर कसं आलं, हेही त्याच कागदावर सुटलं. परतीच्या पावसात वरचा वारा पूर्वेकडून असतो, तो ढगांना घाट उतरवून कोकणात आणतो. पण पंधरा नॉटने पंचावन्न मिनिटांत चौदा मैलच होतात, आणि अंतर होतं तीसच्या आसपास. उरलेलं अंतर ढग चाललाच नाही. वादळातून पडलेली थंड हवा पुढे पसरली, समुद्रावरून आत आलेल्या खाऱ्या वाऱ्याला भिडली, आणि जिथे भिडली तिथे दमट हवा उचलली जाऊन नवा ढग उभा राहिला. जुन्या ठिपक्याला वेगाने गुणून पुढची जागा काढणारा माणूस इथे हमखास चुकतो. ठिपका सरकत नाही, पुढच्या पुढे नवा उगवतो.

हा प्रश्न इंटरनेट नसण्याचा आहे असं कुणी म्हणेल. अमेरिकेतला अनुभव तसं सांगत नाही. तिथल्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ च्या जूनमध्ये याच विषयावर वैमानिकांना इशारा दिला. कॉकपिटमधल्या रडार चित्रावर जे वय लिहिलेलं असतं, ते अनेक रडारांची चित्रं जोडून एक चित्र तयार झालं तेव्हापासून मोजलेलं असतं. मूळ निरीक्षणं त्याआधीची असतात, आणि टोकाच्या परिस्थितीत खरं वय लिहिलेल्या वयापेक्षा पंधरा ते वीस मिनिटांनी जास्त असू शकतं. त्या इशाऱ्यात दोन जीवघेणे अपघात दिले आहेत: मार्च २०१० मध्ये टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलजवळ पडलेलं रुग्णसेवेचं हेलिकॉप्टर आणि डिसेंबर २०११ मध्ये टेक्सासमधल्या ब्रायनजवळ पडलेलं छोटं पायपर विमान. दोन्ही वैमानिकांसमोर हवामानाचं चित्र होतं. मंडळाने ते चित्र वापरू नका असं म्हटलेलं नाही. लांबून वाट ठरवायला ते उत्तम आहे. दोन ढगांच्या मधून वाट काढायला ते नाही, एवढाच फरक आहे, आणि तो जिवावर बेततो.

एका नकाशावर दोन घड्याळं

मी का फसलो, यावर मी बरेच दिवस विचार केला. माझं उत्तर असं आहे. रहदारीचे बाण दर क्षणी हलत होते. माझं स्वतःचं विमान दर क्षणी पुढे सरकत होतं. आणि त्याच नकाशावर, त्याच रंगसंगतीत, पाऊण तासापूर्वी गोठलेलं हवामान रंगवलेलं होतं. बाण खरे आहेत हे मी खिडकीतून पडताळून बघत होतो. चिपीहून निघताना एक विमान पडद्यावर आधी आणि डोळ्यांना मग दिसलं होतं. त्यातून जो विश्वास बसला तो सबंध पडद्यावर बसला. वर्तमानपत्रात फोटो असतो तेव्हा त्याखाली तारीख असते आणि तो हलत नाही, म्हणून तो जुना आहे हे मनाला कळतं. इथे हलणाऱ्या गोष्टींनी न हलणाऱ्या गोष्टीला आपलं वय उसनं दिलं.

वाईट याचं वाटतं की खरं, ताजं हवामान त्याच पडद्यावर होतं. दोन मोठी विमानं वाट सोडून समुद्रात आत गेली. त्यांच्या नाकात स्वतःचं रडार असतं, त्यांना पुढचा ढग त्या क्षणी दिसत होता, आणि त्यांच्या वळणातून तो मलाही दिसायला हवा होता. मी त्यांच्याकडे फक्त टक्कर होईल का या एकाच प्रश्नाने पाहिलं. पुष्कळ वैमानिक आपल्या उंचीच्या वर-खाली साडेतीन हजार फुटांपलीकडची विमानं पडद्यावरून गाळून टाकतात, आणि ते योग्यच आहे, नाहीतर मुंबईजवळ पडदा बाणांनी बुजून जातो. पण मी आता दर दहा मिनिटांनी ती गाळणी अर्ध्या मिनिटासाठी काढतो आणि वरची विमानं सरळ चालली आहेत का, एवढंच बघतो.

हेलिकॉप्टरबद्दल कुणाला दोष द्यायचं कारण नाही. साधा जुना ट्रान्सपॉन्डर असलेलं विमान टॉवरच्या रडारला उत्तर देतं, आपली जागा आपणहून सांगत नाही, म्हणून आमच्यासारख्या रिसीव्हरला ते दिसत नाही. ज्यात ट्रान्सपॉन्डरच नाही ते तर नाहीच. शिवाय प्रक्षेपण असलं तरी डॅशवरच्या छोट्या अँटेनाला इंजिन, पंख आणि पोट यांच्या आड येणाऱ्या दिशा कमी ऐकू येतात. आमचा रिसीव्हर तेव्हा डॅशच्या उजव्या कोपऱ्यात होता आणि हेलिकॉप्टर डावीकडे खाली. त्यामुळे त्याच्याकडे प्रक्षेपण नव्हतं की आम्हाला ऐकू आलं नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. अमेरिकेत जमिनीवरची केंद्रं रडारवर दिसणारी अशी विमानंही आपल्या संदेशातून परत सांगतात. आपल्याकडच्या पेटीत तो आधार धरून चालू नये.

उंचीच्या आकड्याचीही एक गोम आहे. बाणाशेजारचा आकडा त्या विमानाने हवेच्या दाबावरून काढलेल्या उंचीवरून येतो. टॅबलेट आपली उंची जीपीएसवरून घेत असेल तर दोन वेगळ्या मापांची वजाबाकी होते, आणि कोकणातल्या उष्ण हवेत ती शे-दोनशे फुटांनी सहज चुकते. रिसीव्हरमध्ये दाब मोजणारा भाग असेल तर टॅबलेट त्याचीच उंची वापरतोय ना, हे सेटिंगमध्ये एकदा बघून घ्यावं. आणि स्वतःच्या विमानाचा चोवीस बिटांचा ओळखीचा कोड भरून ठेवावा. भारतीय विमानांचे हे कोड ८० ते ८३ ने सुरू होतात. तो भरला नाही आणि आपल्या विमानात प्रक्षेपण असेल, तर आपलाच बाण दुसरं विमान म्हणून आपल्या शेपटीला चिकटून येतो. दोनदा घाबरल्यावर माणूस बाणाकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि ते सर्वांत वाईट.

त्यानंतर

पेट्रोल पिंपातून रस्त्याने यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी टॅबलेटची मांडणी बदलली. रहदारी आणि हवामान आता एका पानावर येत नाहीत. हवामानाचं पान उघडायला मुद्दाम बोट लावावं लागतं, आणि उघडलं की मी आधी वेळ मोठ्याने वाचतो, आपल्या वेळेत, रंगांकडे बघण्याआधी. नीबोर्डवरच्या, म्हणजे मांडीला बांधलेल्या पाटीवरच्या, कागदावर उड्डाणाआधीच लिहून ठेवतो: चित्र १३.२०, बाद १३.५०. अर्ध्या तासानंतर ते पान उघडायचंच नाही. ही अर्ध्या तासाची रेघ माझी स्वतःची आहे, पुस्तकातली नाही. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात ती मला वीस मिनिटांवर आणावीशी वाटते. एकच चित्र कधीच उतरवत नाही, मागची चार-पाच उतरवतो, म्हणजे सरकणं दिसतं. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन-तीन ओळखीच्या माणसांना फोन करतो आणि दोनच प्रश्न विचारतो, पूर्वेला काय दिसतंय आणि ते कुठे चाललंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना आत्याला फोन केला. त्या दुपारी अर्धं भात खळ्यात आलं होतं, अर्धं भिजलं होतं. भिजलेलं उन्हात पसरलं होतं आणि आज ते उलथायचं होतं.

"आकाश कसं आहे गं?"

"स्वच्छ आहे. घाट लख्ख दिसतोय बघ. मतलई सुटलाय, गार आहे हवा. दुपारचं काही सांगत नाही हां मी."

नीबोर्डवर लिहिलं: ०७.०५, लांजा, घाट दिसतो, वारा पूर्वेचा मंद, दुपारचं माहीत नाही. सरांनी ते वाचलं, हेडसेट चढवला आणि म्हणाले, "चल, दहाच्या आत पोचायचंय."